वय : अंदाजे

वीस वर्षं विमा विकते मी.
नेरुळच्या सेक्टर सोळापासून करावे गावापर्यंत
किती घरांत बशीतला चहा फुंकत विचारलंय,
तंबाखू? साखर? आई-वडील कशाने गेले?
पेन कधी अडखळलं नाही.

शाल्मलीने त्याला वाशीहून आणलं
बुटाच्या खोक्यात, झाकणाला भोकं पाडून.
भाजक्या हरभऱ्याचा रंग, म्हणून फुटाणा.
पहिल्याच रात्री तिचा प्रश्न :
आई, हॅमस्टर किती जगतात?
प्रश्न माझ्या धंद्यातला.
म्हटलं, दोन वर्षं. नीट सांभाळलं तर अडीच.
तिसरं गाठणारा म्हणजे त्यांच्यातले शंभरीचे आजोबा.
तिने बोटं मोजली. "म्हणजे सातवीपर्यंत."
आणि पाण्याची बाटली भरायला गेली.

दुकानदार म्हणाला होता, महिन्याचा आहे.
डॉक्टर कुरियनबाईंनी दात बघितले, पोट चाचपलं,
"चार तरी."
तीन महिने असे टेबलावरच गळाले.
माझ्या गिऱ्हाइकाचा तेवढ्यात एक हप्ता चुकतो,
ह्याची त्याच्या मापाने दहाएक वर्षं गेली,
कुणाच्या तरी दुकानात, काचेआड.

बाई सांगत गेल्या, मी
कोऱ्या अर्जाच्या पाठीवर लिहीत गेले :
सूर्यफुलाच्या बिया दोन. गालात कोंबून पुन्हा मागेल, तरी दोनच.
चाक मोठं, धावताना पाठ वाकता कामा नये.
भुसा वासाचा नको. दिवसा उठवायचं नाही.
उन्हाळा जपा.
आणि जोडीदार आणू नका.
"एकटाच राहील?" शाल्मलीने विचारलं.
"एकटाच जास्त जगेल. दोघं ठेवलेत
तर भांडून एक मरेल."
शाल्मलीने माझ्याकडे बघितलं.
मी अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला.
दुपारी दोनला फुटाणा लादीवर पोट टेकून
पुरणपोळीसारखा पसरलेला.
पिंजऱ्याला माठ टेकवला, ओला पंचा टाकला,
शेवटी डब्याच्या पिशवीत घालून
सीवूड्सच्या मॉलमध्ये नेला.
रखवालदाराने चेन उघडली. "खाना?"
म्हटलं, हो.
आतून दोन मिशा बाहेर आल्या.
त्याने चेन हळूच लावली, पूर्ण नाही,
हवेपुरती उघडी ठेवून.
तीन तास आम्ही फूड कोर्टात बसलो
एका लिंबू सरबतावर.

दीड वर्षानंतर पाठीवरचे केस विरळ झाले.
रात्री अकराची चाकाची घरघर
बारावर गेली, मग एकवर,
मग तो नुसताच चाकाशी बसायचा,
एक पाय आत ठेवून,
गाडी कुठे लावली ते विसरलेल्या माणसासारखा.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एक क्लेम आला.
एकोणचाळीस. निर्व्यसनी. रोज पाम बीचला सहा किलोमीटर.
त्याचा अर्ज मीच भरला होता :
नाही, नाही, नाही, नाही.
बायकोने सहीची जागा विचारली, मी बोट ठेवलं.
घरी आले तर शाल्मली
काकडीचा तुकडा तांदळाएवढा चिरत होती.

एप्रिलात गेला. झोपेत, कागदाच्या घरट्यात.
दुकानाच्या हिशेबाने दोन वर्षं एक महिना,
बाईंच्या हिशेबाने दोन वर्षं चार.
सातवी अजून सुरू व्हायची होती.

पिंजरा धुताना कोपऱ्यात, भुशाखाली
एकतीस बिया निघाल्या. सोललेल्या नाहीत.
रोजच्या दोनातून
हा कधीपासून मागे टाकत होता?
शाल्मलीने त्या मोजून रुमालात बांधल्या,
बाल्कनीतल्या कुंडीत बोटाने भोकं पाडली.
भाजलेल्या आहेत, उगवत नाहीत,
हे मला माहीत होतं.
तिलाही असावं, पाकीट तीच फोडायची.

अर्जात एक रकाना असतो : वारस.
लोक तिथे फार वेळ घेतात.
मी तांब्या भरून आणला.